बाबांची स्प्लेंडर : हत्यारांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा

पाटावर मांडायला म्हणून बाबांची हत्यारांची पिशवी माळ्यावरून काढली. सहा वर्षांनी तिचा बंद सुटला. आठ-नऊ, दहा-अकरा आणि चौदा-पंधरा असे तीन फिक्स पाने, एक स्क्रू पाना, मूठ फुटलेला स्क्रूड्रायव्हर आणि आठ इंची पक्कड. पकडीचा रिवेट एवढा ढिला झालाय की तोंड मिटलं तरी वरचा जबडा खालच्यावर सरकतो. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

खाली पार्किंगमध्ये १९९९ची हीरो होंडा स्प्लेंडर प्लास्टिकखाली उभी आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कुणी किक मारलेली नाही. संध्याकाळी सोनं देताना बाबांना सांगितलं, गाडी मी उघडणार आहे, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि सांगा. ते म्हणाले, "आधी पाने नीट घे. नटाचे कोपरे गेले की मग मिस्त्रीसुद्धा काही करू शकत नाही."

२० ऑक्टोबर, रविवार

आज काही खोललं नाही. कागद आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) घेऊन गाडीभोवती फिरले आणि दिसेल त्या प्रत्येक बोल्टच्या डोक्याचं माप लिहिलं. इंजिनच्या बाजूच्या कव्हरांना ८. इतर बारीकसारीक ठिकाणी १०. मग १२, १४. ऑइल काढायचा खालचा बोल्ट १७. प्लगला १६चा लांब पाना. टॅपेटच्या (इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागाच्या) लॉकनटला ९. एक्सलला मोठे.

११, १३ किंवा १५ कुठेच सापडले नाहीत. बाबांनी कारण सांगितलं नाही, पण कागदावर ते स्पष्ट दिसतं. गाडीचं घराणं जपानी आहे. आठ मिलीमीटरच्या आट्याच्या बोल्टला जपानी पद्धतीत डोकं १२चं असतं, जर्मन पद्धतीत १३चं. दहाच्या आट्याला जपानी डोकं १४, जुन्या जर्मन पद्धतीत १७. बाबांच्या पिशवीत दहा-अकरा होता तो दहासाठी आणि चौदा-पंधरा होता तो चौदासाठी. दोन्ही पान्यांची दुसरी तोंडं आजही कोरी करकरीत आहेत.

हा कागद मी आधी केला हे बरं झालं. दुकानातली यादी बघून हत्यारं घ्यायची नाहीत, या कागदावरून घ्यायची, असं ठरवलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलेलं मोडलं. सेहेचाळीस नगांचा सेट ऑनलाइन मागवला होता, तो आला. पाव इंची चौकोनाचा रॅचेट (एका दिशेला धरणारा, दुसरीकडे मोकळा फिरणारा दांडा), त्यावर बसणाऱ्या ४ पासून १४ पर्यंतच्या गोट्या म्हणजे सॉकेट, एक्स्टेन्शन, आणि उरलेले सगळे स्क्रूड्रायव्हरचे बिट. कागदाशी ताडून पाहिलं तर माझ्या कामाचे नग सात.

८च्या बोल्टांवर रॅचेट छान चालला. हलका आहे, बोटांत बसतो. मग फूटरेस्टच्या बोल्टला १४ची गोटी लावली आणि पायाने गाडी रेटून जोर दिला. 'कर्र' झालं, दाते सुटले आणि माझी बोटं स्टँडच्या पट्टीवर आपटली. दोन बोटांची सालटी निघाली.

हळद लावून रॅचेटचं डोकं खोललं. आत बारीक दात्यांचं एक चक्र आणि त्याला अडवणारा एकच खटका. चक्राला ७२ दाते. म्हणजे दर पाच अंशांना एक टिक. जुन्या पद्धतीच्या रॅचेटला साधारण २४ दाते असतात, म्हणजे पंधरा अंश. दाते जास्त तितकं कमी जागेत दांडा हलवून काम होतं, हा फायदा खरा आहे. पण तेवढ्याच घेरात ७२ दाते बसवायचे तर प्रत्येक दाता बारीक होणार. मग खटक्याला एकाच वेळी किती दाते धरतात आणि ते स्टील कसं आहे, यावर सगळं ठरतं. या खटक्यावर धरणारे तीन दाते दिसतात, त्यांतल्या दोघांची टोकं गोल झाली आहेत. पाकिटावर ७२ आकडा ठळक छापलाय; खटक्याबद्दल अवाक्षर नाही.

रॅचेट बाजूला ठेवला. ८ आणि १०ची गोटी चांगली आहे, ती वापरेन.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

भावाने ओवाळणी घातली. मी म्हटलं, रॅचेट घेणार आहे. त्याने आणखी पाचशे घातले.

९ नोव्हेंबर, शनिवार

बोहरी आळी. पुण्याच्या रविवार पेठेतल्या त्या गल्लीत हत्यारांच्या दुकानांची रांग आहे आणि काउंटरवर हात लावून बघू देतात, म्हणून ऑनलाइन घ्यायचं टाळलं.

पहिल्या दुकानात 'तीन अष्टमांश इंची रॅचेट' मागितला. दुकानदार काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तीन सुती म्हणा की ताई." इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार. लहानपणी सुताराच्या तोंडी ऐकलेलं माप इथे लोखंडाच्या दुकानात अजून जिवंत आहे. पुढे ते म्हणाले, "तीन सुती कोण नेतंय? गॅरेजवाले चार सुतीच मागतात." खरंच, चार सुतीचे डझनभर प्रकार होते, तीन सुतीचे तीन.

तिन्ही काउंटरवर मांडून घेतले. मी काय बघितलं ते लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी उलटा ओढा. गोटी बोटांनी हलकेच धरायची आणि दांडा मागे न्यायचा. गोटी बोटांत स्थिर राहिली तर ठीक. दांड्याबरोबर ती मागे फिरत असेल, तर खोलताना ढिला झालेला नट रॅचेट पुन्हा मागे फिरवत बसणार आणि काम पुढेच सरकणार नाही. एक रॅचेट इथेच बाद झाला, आणि तो तिघांत सगळ्यांत चकचकीत होता.

मग डोक्याची जाडी. व्हर्निअर पर्समध्येच होता. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा चार मिलीमीटर जाड निघालं. चार मिलीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण कार्बोरेटरच्या इनलेट पाईपचे दोन बोल्ट टाकी आणि फ्रेमच्या मधे आहेत, तिथे एवढ्यावरच हात अडतो.

मग दिशा बदलायचा खटका. हाताला ग्रीस लागलेलं असताना तो अंगठ्याने फिरला पाहिजे. काकांनी न मागता बोटाला तेल लावून दिलं.

पातळ डोक्याचा, ७२ दात्यांचा घेतला. गोट्या सुट्या घेतल्या : ८, १०, १२, १४, १७. सगळ्या षट्कोनी. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते, पण धरते कोपऱ्यांजवळ. सहा वर्षं गंजलेल्या नटाचे कोपरे मला जपायचे आहेत. चांगल्या कंपनीच्या षट्कोनी गोटीत आतल्या कोपऱ्याला किंचित पोकळी दिलेली असते, त्यामुळे जोर कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. उजेडात धरून आत बघितलं की दिसते.

एकूण खर्च सेहेचाळीस नगांच्या सेटच्या चौपट झाला. नग सहा.

१७ नोव्हेंबर, रविवार

ऑइल काढलं. १७चा बोल्ट खूप घट्ट होता म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींकडून चार सुती रॅचेट मागून आणला. एका झटक्यात सुटला. ऑइल काळं होतं, पण त्यात धातूचा कीस नव्हता. बाबा खुश.

त्यानंतर चूक झाली. डाव्या बाजूचं कव्हर साफ करून परत बसवत होते. चार सुती रॅचेट हातातच होता, त्याला चौकोन लहान करणारा जोड लावून ८ची गोटी बसवली आणि बोल्ट आवळला. काही जाणवलंच नाही. लोण्यातून सुरी जावी तसा दांडा सरकला आणि बोल्टचं डोकं गोटीत आलं.

नंतर बसून हिशेब मांडला. या ८च्या डोक्याच्या बोल्टचा आटा सहा मिलीमीटरचा. अशा बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर (पिळायच्या जोराचं माप) पुरे. चार सुती दांडा २५ सेंटीमीटरचा, म्हणजे टोकाला फक्त चार किलोचा जोर झाला की दहा न्यूटन-मीटर भरले. चार किलो म्हणजे भाजीची पिशवी. माझ्या नव्या तीन सुतीचा दांडा २० सेंटीमीटरचा, त्याला पाच किलो लागतात. पाव इंचीचा १५ सेंटीमीटर, जवळजवळ सात. दांडा लहान असला की मनगटाला बोल्टचं बोलणं ऐकू येतं. लांब दांड्यावर ते ऐकू येईपर्यंत बोल्ट गेलेला असतो.

तुटका भाग कसा निघाला ते नीट लिहिते. कव्हर काढल्यावर तुकडा केसिंगबाहेर बोटाच्या पेराएवढा उभा होता. पकडीने धरून फिरवायला गेले, पण पक्कड त्यावरून घसरून आट्याला ओरखडे पाडत होती. मिस्त्री आले, ग्रिप प्लायर घेऊन. मागच्या स्क्रूने तोंडाचं माप लावलं, दांडा दाबला, 'खट्' आवाज झाला आणि ते तुकड्याला चिकटून बसलं. मग अर्धा-अर्धा फेरा देत तुकडा बाहेर. डोकं तुटलं की ताण गेलेला असतो, म्हणून असा बोल्ट सहज निघतो. अडचण फक्त धरायची. हे कुलपासारखं लागणारं हत्यार अमेरिकेत नेब्रास्कातल्या डी-विट गावच्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने शोधलं, १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं. लोहारालाच सुचेल असं आहे ते : एक हात धरायला अडकला, तर दुसऱ्या हाताने काम कसं करायचं?

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "ताई, आठच्या बोल्टला माझं हत्यार लावू नका," एवढंच म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

उजवं कव्हर उघडलं. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, टोकाला एक फिरती वाटी आहे. ऑइल तिच्यातून जाताना जड कचरा बाहेर फेकला जातो आणि भिंतीला चिकटतो. वाटीचं झाकण तीन चौफुली स्क्रूंनी बसवलंय आणि हे तीन स्क्रू हट्टी म्हणून प्रसिद्ध आहेत.

पहिला स्क्रू नेहमीच्या दोन नंबरच्या स्क्रूड्रायव्हरने निघाला. दुसऱ्याला टोक बाहेर उसळलं. तिथेच थांबले. स्क्रूच्या डोक्यावर चौफुलीच्या बाजूला एक बारीकसा ठिपका कोरलेला दिसला. ही जपानी मानकाच्या खाचेची खूण. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखली जाणारी, १९३६च्या पेटंटांतली चौफुली दिसायला अगदी हीच, पण तिच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाजवळची वळणं वेगळी आहेत. जपानी खाचेत ते टोक तळाला आधी टेकतं आणि पंख पुरते भरत नाहीत. मग जोर दिला की वर उसळतं आणि दर वेळी खाचेचा थोडा भाग खरवडून नेतं. पंचवीस वर्षांत किती गाड्यांचे किती स्क्रू असे गेले असतील. आपण स्क्रू मऊ आहे म्हणून सोडून देतो.

ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा जपानी टोकाचा स्क्रूड्रायव्हर मागवला. ही कंपनी १९१६पासूनची. तो येईपर्यंत काम बंद.

३० नोव्हेंबर, शनिवार

आला. दोन नंबर. स्क्रूवर उभा ठेवून हात काढला तरी आडवा पडला नाही, इतका खाचेत बसला. वरून हातोडीचा एक ठोका, मग दाबून वळवला. दुसरा स्क्रू निघाला, आणि तिसराही. वाटीत बोटभर काळा गाळ होता.

याच्यावर केलेला खर्च मला या सगळ्या कामातला सगळ्यांत रास्त वाटतो.

८ डिसेंबर, रविवार

जुना बाजार. बाबांना रिक्षाने बरोबर नेलं. रविवारी आणि बुधवारी भरतो; घड्याळं, मोटारींचे दिवे, नाणी, आणि जमिनीवर पसरलेली हत्यारं. एका ताडपत्रीवर सात इंची पक्कड मिळाली. दांड्यावर 'वेस्ट जर्मनी' कोरलेलं, म्हणजे १९९०च्या आधीची. दोनशे सांगितले, बाबांनी दीडशेला घेतली.

घरी तीन पकडी शेजारी ठेवल्या : बाबांची जुनी, गेल्या आठवड्यात घेतलेली नवी आठ इंची टपारिया, आणि ही सात इंची. टपारिया नाशिकच्या सातपूरची, १९६९मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवायला लागली. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक वायरमनच्या खिशात हीच दिसते.

तोंड मिटून उजेडासमोर धरली. चांगल्या पकडीची टोकं आधी टेकतात आणि कापायच्या धारांमधून उजेड दिसत नाही. टपारिया आणि जर्मन, दोन्ही पास. बाबांच्या पकडीतून खिडकी दिसली.

वर्तमानपत्राचा एक पदर धारेत ठेवून कापला. टपारियाने पूर्ण रेषेत कापला. जर्मन पकडीच्या धारेला मधे एक बारीक खाच आहे, तिथे कागद दुमडला. आधीच्या मालकाने बहुधा कडक तार कापली असावी.

मग दोन मिलीमीटरची जस्ती तार. इथे तरफेचा हिशेब दिसतो. टपारियात रिवेटपासून माझ्या तळव्याच्या मध्यापर्यंत अकरा सेंटीमीटर, धारेच्या मध्यापर्यंत दीड. म्हणजे हाताचा जोर सातपट होऊन तारेवर येतो. तीच तार जबड्याच्या टोकात धरली, तर अंतर चार सेंटीमीटर, जोर तीनपटही नाही. म्हणून पकडीच्या टोकाने नट फिरवू नये. जोर अपुरा पडतो, ती घसरते आणि कोपरे खाते.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो वेगळ्याच मापावर. दोन सेंटीमीटरची नळी धरताना आठ इंची पकडीचे दांडे इतके फाकतात की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दांड्यापर्यंत पोचत नाहीत. दोन बोटांनी काय आवळणार? सात इंचीत चारही बोटं येतात. बाबांचा पंजा मोठा, त्यांना आठ इंचीच बरी वाटते. दुकानात 'आठ इंची हीच स्टँडर्ड' असं सांगतात, ते कुणाच्या हाताचं माप धरून?

क्निपेक्सची समांतर जबड्यांची पक्कड-पाना मित्राकडे पाहिली आहे. वुपर्टालची ही कंपनी १८८२पासूनची. जबडे गुळगुळीत, एकमेकांना समांतर राहतात, आणि दांडे आवळले की दहापट जोराने नटाच्या सपाट बाजूंवर येतात. नटाला ओरखडा येत नाही. पकडीने नट न फिरवण्याचा नियम हीच एक पक्कड मोडू शकते. किंमतीत माझे दोन्ही टायर येतील. सध्या टायर.

२२ डिसेंबर, रविवार

पुढच्या फोर्कचे ऑइल सील. आतली सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची होती. बदलत्या टोकांचा स्वस्त सर्क्लिप प्लायर होता, चार टोकं आणि एक बूड. पहिल्याच दाबात टोक वाकलं आणि क्लिप उडून भिंतीला लागली. चष्मा होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी फक्त आतल्या क्लिपसाठीचा, कायम टोकांचा घेतला. बाहेरच्या क्लिपसाठी वेगळा लागेल तेव्हा घेईन.

५ जानेवारी २०२५, रविवार

मिस्त्री बघायला आले. मी रॅचेटने इंजिनचे उघडे, मोकळ्या जागेतले १०चे बोल्ट काढत होते. टिक टिक टिक. ते बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग खिशातून टी पाना (टी आकाराच्या दांड्याला कायमची गोटी) काढला. गोटी बोल्टवर, एक झटका, मग नुसतं बोटांनी गरगर फिरवलं. माझा एक बोल्ट निघेपर्यंत त्यांचे तीन निघाले.

इतके आठवडे रॅचेटचे दाते मोजले आणि हे लक्षात आलं नव्हतं. टी पान्याला दाते नाहीत, खटका नाही, बिघडण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना सारखा दांडा असल्यामुळे जोर तिरका जात नाही. आपल्याकडच्या दुचाकी गॅरेजात मिस्त्री ८, १०, १२ आणि १४चे टी भिंतीवर टांगून ठेवतात ते याचसाठी. मोकळ्या जागेत टी, अडचणीत रॅचेट. त्या दिवशी संध्याकाळीच १० आणि १२चे आणले.

१९ जानेवारी, रविवार

चेन बसवली. जोडकडीची बारीक क्लिप सात इंची पकडीने नाही, लांब चोचीच्या चिमट्याने लावली. बंद बाजू चेन पळते त्या दिशेला, उघडी बाजू मागे. बाबांनी खुर्चीवरून उठून अंगठ्याने चाचपून पाहिली.

शेवटी सीटखालच्या डब्याचं. त्यात मावतं तेवढंच घालायचं. १६चा प्लग पाना, आठ-नऊ आणि दहा-अकराचे बाबांचे जुने फिक्स पाने, १२चा टी तिरका करून. व्हेसलचा स्क्रूड्रायव्हर आडवा मावला. सात इंची पक्कड दांड्यांमुळे झाकण लागू देत नव्हती. जुन्या सुती रुमालात गुंडाळून तळाशी उभी घातली, तेव्हा झाकण बसलं.